बारा व्होल्ट

उणे सत्तावीस. गोम्बोसुरेन बिनकाचेच्या खिडकीतून
आधी वाफ बाहेर सोडतो, मग शब्द.
पन्नास किलोमीटर असाच आलाय, विमानतळापासून
उलानबातरच्या या टोकापर्यंत,
उजवा कान बिटासारखा.
खिडकीला मेंढीचं कातडं चिकटपट्टीनं लावलं होतं,
ते वाटेत कुठंतरी उडालं.

मोटर जळली, असं त्याला तिघांनी सांगितलंय.
एकानं किंमतही सांगितली.
मी काही म्हणत नाही. दुल्मा बोलत नाही, मोजते,
असं बाजारामागच्या या गल्लीत म्हणतात;
तोंड उघडलं की दात दुखतात, एवढंच.

फ्यूज शाबूत.
बाकीच्या तिन्ही काचा निमूट वरखाली होतात.
बटण दाबून दाराला कान लावते:
आत कुणीतरी अंथरुणातून उठू पाहतं
आणि पुन्हा निजतं.

दाराचं अस्तर उतरवताना दोन खुंट्या मोडल्या,
गारठ्यात प्लास्टिकचं बिस्कीट होतं.
आत जपानी अक्षरांची चिठ्ठी,
गाडीच्या पहिल्या जन्मातली, मला वाचता येत नाही.
मोटरचा प्लग सोडवून मीटरच्या सुया खुपसते.
बारा पूर्णांक एक.
"बघ, वीज आहे," तो माझ्या खांद्यावरून म्हणतो,
"म्हणजे मोटरच."

इथंच लोक चोर सोडून संन्याशाला फाशी देतात.

रिकाम्या हातानं कुणीही ताठ उभं राहतं.
मी प्लगला जुन्या हेडलाइटचा बल्ब जोडते,
आता उचल म्हणते.
बल्ब विझत्या निखाऱ्याइतका लाल,
आणि आकडा घसरतो:
नऊ. पाच. दोन.

मग दार आणि खांब यांच्या मधली रबरी नळी,
सुरवंटासारखी वळ्यावळ्यांची. ती मागे सरकवते.
आत अकरा तारा. हातमोजे काढावेच लागतात.
एकेकीला चिमटीत धरून ओढते;
धड तार ओढीला ओढ देते.
हिरवी, काळ्या रेघेची, ताणली जाते.
नुसती ताणली जाते.
वरचं कवच अखंड, कुठं ओरखडासुद्धा नाही.
साल काढली तर तांब्याच्या बावीस केसांतला
एक जागेवर.

"किती वेळा उघडलंस रे हे दार?"
टॅक्सी आहे. तो हिशोब करू लागतो,
चौदा वर्षं, दिवसाला, म्हणतो, आणि सोडून देतो.

मग आपणहून:
तुव्शिन आज पहाटे गेला, बुसानला, गोदीत वेल्डर म्हणून.
बॅग घेऊन आत निघाला तेव्हा दिसलं,
पिशवी डॅशबोर्डवरच राहिली.
काच खाली करून हाक मारली.
"खाली तर झटक्यात गेली. मग वर का नाही?"

खाली जाताना काचेचं वजनच अर्धं काम करतं, मी सांगते.
तेवढं एका केसाला झेपलं.
वर चढवणं झेपलं नाही.

तो बराच वेळ दाराच्या त्या सालीकडं बघत राहतो.

मी नवी तार घालते, वीतभर जास्त लांब.
डाग वळणावर देत नाही, वळणाच्या दोन्ही अंगांना देते,
वळणावर दिलेला डाग दोन हिवाळे पुरत नाही.
डाख धरेना म्हणून तो आपल्या कोटाचा घोळ
माझ्या हातांभोवती आडोशासारखा धरतो,
आणि आम्ही दोघं श्वास रोखतो, उगाच.

बटण.
काच कडांवरचा बर्फ खरवडत वर येते,
मध्ये एकदा अडखळते, येते.
गाडीतला आवाज एकदम जवळचा होतो.

त्यानं पैसे मोजून दिले. घासाघीस केली नाही.
मग डॅशबोर्डवरची ती पिशवी उघडली,
बायकोनं वाळवलेल्या दह्याच्या वड्या, आरूल,
गोठून खडे झालेल्या,
आणि अर्ध्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

चावायच्या नसतात.
गालात धरून ठेवायच्या, बराच वेळ.